दोनशे बिया, एकशे अठ्ठेचाळीस कोंब: ८० टक्के उगवणीचा दावा खोटा ठरला का?

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी तो नीट समजले की नाही ते तुम्हालाही कळेल. निफाड तालुक्यात तुमचा उन्हाळ कांदा असतो. यंदा ओळखीतल्या एका शेतकऱ्याकडून तीन किलो घरगुती उळे, म्हणजे कांद्याचं बी, घेतले. "ऐंशी टक्के उगवण आहे, डोळे झाकून टाका," असं तो म्हणाला. तुम्ही डोळे झाकले नाहीत, हे फार चांगलं केलंत. पिशवीतल्या २०० बिया चार ताटांत ओल्या फडक्यावर, प्रत्येकी ५० अशा ठेवल्या आणि बाराव्या दिवशी मोजल्या. ४०, ४१, ३९ आणि २८, एकूण १४८. म्हणजे ७४ टक्के.

मग घरात वाद सुरू झाला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या लेकीनं सूत्र लावलं, झेड (दाव्यापासूनचा फरक नशिबाच्या चढउताराच्या किती पट आहे तो आकडा) उणे २.१२ आला. तिचं म्हणणं, ५ टक्क्यांच्या पातळीवर दावा नाकारायचा, १ टक्क्याच्या पातळीवर मात्र नाकारता येत नाही. पुतण्यानं तेच गणित करून उणे १.९३ काढला आणि म्हणाला, दावा नाकारताच येत नाही. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "लाखो बियांतल्या दोनशे बघून काय कळतं?" आता तुम्ही विचारताय की यातलं कोण बरोबर, आणि पैसे परत मागायला जावं का.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. लेकीचं गणित बरोबर आहे. पुतण्याच्या गणितात दोन गफलती आहेत. विकणाऱ्याचा आक्षेप जसा त्यानं मांडला तसा चुकीचा आहे. आणि तरीही या आकड्यांच्या जोरावर पैसे मागायला जाऊ नका, निदान अजून नाही. कारण तुमच्याच प्रश्नात आहे, त्या चौथ्या ताटात. तिथे येतेच.

विकणाऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा मुद्दा मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे. गेली अठरा वर्षं नमुना बघून मालाबद्दल निर्णय देणं हेच माझं काम आहे. आधी सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होते, आता पॅकहाउस, म्हणजे फळं निवडून खोक्यांत भरण्याच्या जागा, आणि रोपवाटिकांसाठी करते. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हे म्हणतंच. कांद्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे ते तीनशे बिया बसतात, म्हणजे तुमच्या तीन किलोत साडेसात ते नऊ लाख. त्यातल्या २०० म्हणजे काहीच नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण नमुन्याचा अंदाज किती नेमका येईल हे नमुना किती मोठा आहे यावर ठरतं. तो एकूण मालाचा कितवा हिस्सा आहे याला जवळजवळ महत्त्व नाही. बिया तीन किलो असोत की तीन क्विंटल, नीट मिसळून उचललेल्या २०० बिया साधारण तेवढंच सांगतात.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं चार माणसांचं असो की पंगतीचं, शितं तेवढीच चेपून बघतो. आता त्या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. भात सगळीकडे सारखा शिजलेला असायला हवा. खाली करपला आणि वर कच्चा राहिला असेल तर वरचं शीत खालच्याबद्दल काही सांगत नाही. विकणाऱ्यानं "दोनशेच का?" ऐवजी "त्या दोनशे कुठून घेतल्या?" असं विचारलं असतं, तर त्याचा प्रश्न बिनतोड होता.

आता लेक आणि पुतण्या. दाव्याची चाचणी म्हणजे काय ते सूत्राशिवाय सांगते. आपण विकणाऱ्याचं म्हणणं तात्पुरतं खरं धरतो. उगवण खरंच ८० टक्के आहे, हीच शून्य परिकल्पना. मग विचारतो, तसं असेल तर २०० पैकी किती उगवायला हव्यात? १६०. पण दर वेळी बरोबर १६० येणार नाहीत. कधी १५५ येतील, कधी १६६. नशिबाचा हा चढउतार केवढा असतो तेही काढता येतं. ०.८० गुणिले ०.२०, भागिले २००, त्याचं वर्गमूळ. येतं ०.०२८३. म्हणजे पावणेतीन टक्क्यांहून जरासा जास्त, बियांत मोजला तर साधारण साडेपाच-सहा बियांचा. यालाच स्टँडर्ड एरर म्हणतात. तुमचे ७४ टक्के दाव्यापेक्षा ६ टक्क्यांनी खाली आहेत. ०.०६ ला ०.०२८३ नं भागलं की २.१२. खाली आहेत म्हणून उणे. दावा खरा असता तर नशिबानं जेवढा फरक पडणं रोजचं असतं, त्याच्या दुपटीहून तुमचा फरक मोठा आहे.

पुतण्यानं वर्गमूळात ०.८० आणि ०.२० ऐवजी ०.७४ आणि ०.२६ घातले, म्हणून त्याला ०.०३१ मिळाले आणि झेड उणे १.९३ झाला. ही चूक इतकी सर्रास होते की त्याला रागावू नका. दोन सूत्रं शेजारी शेजारी शिकवतात आणि कोणतं कधी वापरायचं हे मागे पडतं. खरी उगवण किती असेल याचा पल्ला काढायचा असेल, तर हातात दुसरा आकडा नसतो म्हणून आपल्याला मिळालेला ०.७४ वापरतात. तसा पल्ला तुमच्या आकड्यांवरून साधारण ६८ ते ८० टक्के येतो. पण दाव्याची चाचणी करताना आपण "दावा खरा असता तर" या जगात उभे असतो, आणि त्या जगात प्रमाण ०.८० आहे. वर्गमूळातही तेच गेलं पाहिजे.

त्याची दुसरी गफलत म्हणजे त्यानं तुलना १.९६ शी केली. १.९६ ही दोन्ही बाजूंची मर्यादा आहे. उगवण ८० पेक्षा कमी असो की जास्त, दोन्हीकडे सारखंच लक्ष द्यायचं असेल तेव्हा ती लागते. तुमची तक्रार एकाच बाजूची आहे. उगवण ९० टक्के निघाली असती तर तुम्ही पैसे मागायला नाही, पेढे द्यायला गेला असतात. तेव्हा पर्यायी परिकल्पना, म्हणजे दावा नाकारला तर त्याऐवजी जे मानायचं ते, "८० पेक्षा कमी" एवढीच, आणि ५ टक्क्यांच्या पातळीला मर्यादा १.६४५. मात्र बाजू कोणती ते बिया भिजवण्याआधी ठरलेलं हवं. आकडे बघून मग सोयीची बाजू निवडली तर ती फसवणूक होते, मनात नसली तरी. तुमच्या बाबतीत प्रश्नच नाही, कारण दावाच "ऐंशी टक्के" असा होता आणि बियाणं घेणारा माणूस भीती धरतो ती कमी उगवणीचीच.

अट एक तपासायची असते. दावा खरा धरून उगवणाऱ्या अपेक्षित १६० आणि न उगवणाऱ्या अपेक्षित ४०, हे दोन्ही आकडे १० पेक्षा बरेच मोठे आहेत, म्हणून झेडचं सूत्र चालतं. दावा "९९ टक्के" असता तर न उगवणाऱ्या अपेक्षित बिया फक्त २ असत्या, आणि मग हे सूत्र सोडून थेट द्विपद विभाजनानं, म्हणजे प्रत्येक आकडा येण्याची शक्यता वेगळी काढून, मोजावं लागलं असतं.

उणे २.१२ चं पी-मूल्य ०.०१७ आहे. त्याचा अर्थ लेकीला पाठ असेल, पण घरात बोलताना तो बदलतो, म्हणून सावकाश सांगते. उगवण खरंच ८० टक्के असती आणि अशी चाचणी शंभर वेळा केली असती, तर १४८ किंवा त्याहून कमी आकडा साधारण दोनदाच आला असता. एवढंच. "दावा खोटा असण्याची शक्यता ९८ टक्के" असा त्याचा अर्थ नाही. दावा खोटा असण्याची शक्यता काढायला विकणारा माणूस कसा आहे, बियाणं यंदाचं की गेल्या वर्षीचं, त्यानं ते कसं साठवलं, हे सगळं लागतं, आणि सूत्राला यातलं काहीच माहीत नसतं.

मग ५ टक्के की १ टक्का? लेक म्हणते तसं दोन पातळ्यांना दोन उत्तरं येतात, आणि तुम्ही चिडून लिहिलंत की "शास्त्राचं एकच उत्तर का नाही?" दादा, ही पातळी शास्त्र देत नाही. ती तुम्ही द्यायची असते. चांगल्या बियाण्यावर चुकून ठपका ठेवण्याचा धोका किती पत्करायचा, त्या धोक्याचं हे माप आहे. ५ टक्क्यांची प्रथा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यापासून रूढ झाली. १९१९ पासून ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. म्हणजे ही पद्धत वाढली तीच खत, बियाणं आणि वाफ्यांच्या प्रयोगांतून. फिशर यांच्या दृष्टीनं तो एक सोयीचा आकडा होता. पुढे १९३३ मध्ये नेमन आणि पिअर्सन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी दोन चुकांचा हिशेब वेगळा मांडला. एक म्हणजे खरा दावा नाकारणं, दुसरी म्हणजे खोटा दावा चालवून घेणं. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. वाढू द्यायची नसेल तर नमुना मोठा करावा लागतो.

तुमच्यापुढे खरे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि माझ्या मते घरातला सगळा गोंधळ ते एकत्र केल्यामुळे झाला. पहिला निर्णय वाफ्यात बी किती टाकायचं हा. इथे चुकून चांगल्या बियाण्याला कमी लेखलं तर काय होईल? थोडं बी जास्त टाकलं जाईल. हिशेब सोपा आहे. तीन किलोला ८० टक्क्यांनी जेवढी रोपं येतात, तेवढीच ७४ टक्क्यांनी हवी असतील तर ३.२४ किलो बी लागेल. म्हणजे पाव किलो जास्त. यासाठी ५ टक्के काय, १० टक्क्यांची पातळी धरलीत तरी बिघडत नाही.

दुसरा निर्णय ओळखीच्या माणसाच्या दारात जाऊन "तुम्ही सांगितलं ते खोटं होतं" म्हणण्याचा. त्या वाक्याची किंमत पाव किलो बियाण्याएवढी नसते. गावात माणसाच्या शब्दावर उळे विकलं जातं. एकदा नाव गेलं की पुढच्या हंगामात त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. तिथे मी १ टक्क्याहून जास्त धोका पत्करणार नाही. लेकीची दोन्ही उत्तरं म्हणूनच खरी आहेत, एक वाफ्यासाठी आणि एक दारासाठी.

आता चौथं ताट. तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आहे: "तीन ताटं आतल्या खोलीत मावली, चौथं पत्र्याच्या पडवीत ठेवलं." तिथे मी थांबले आणि ताटांचे आकडे वेगळे लिहिले. ४०, ४१, ३९. हे तीन सख्खे भाऊ. आणि २८. पहिल्या तीन ताटांची बेरीज करा: १५० पैकी १२०. बरोबर ८० टक्के, एका दाण्याचाही फरक नाही. चौथ्या ताटात ५६ टक्के. उगवण ८० टक्के असताना ५० पैकी २८ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे.

लेकीला काय-स्क्वेअर, म्हणजे ताटाताटांतला फरक निव्वळ नशिबाचा असू शकतो का ते बघणारी चाचणी, शिकवली असेल तर तिला हेही करायला सांगा. चारही ताटं सारखी असती तर प्रत्येकात ३७ उगवायला हव्या होत्या आणि १३ राहायला. त्या हिशेबानं काय-स्क्वेअर ११.४३ येतो. डिग्री ऑफ फ्रीडम (इथे ताटांच्या संख्येपेक्षा एक कमी) ३ असताना ५ टक्क्यांची मर्यादा ७.८१ आहे. म्हणजे ताटं एकमेकांसारखी नव्हती. आणि झेडचं सूत्र तर प्रत्येक बीला उगवायची सारखी आणि एकमेकींपासून स्वतंत्र संधी होती असं धरूनच चालतं. एका ताटातल्या पन्नासही बियांना एकच ऊन, एकच वारा, एकच कोरडं पडलेलं फडकं मिळतं. तिथे त्या पन्नास स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीत. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, लेकीचं गणित बरोबर, पण ते ज्या आकड्यांवर केलंय ते आकडे त्या गणिताला झेपणारे नाहीत.

पडवीनं काय केलं असेल? ऑक्टोबरची उष्णता, वर पत्रा. दुपारी तिथलं फडकं वाळत असणार. बीज तपासणीच्या प्रयोगशाळेत कांद्याचं बी १५ किंवा २० अंश तापमानाला ठेवतात, कारण कांद्याचं बी गारव्यात नीट उगवतं. पत्र्याखाली दुपारी किती होत असेल ते तुम्हीच बघा.

पण थांबा. लगेच "चौथं ताट काढून टाका, ८० टक्के आले, माणूस निर्दोष" असंही मी म्हणणार नाही. कारण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: चौथ्या ताटातल्या बिया पिशवीत कुठून घेतल्या? वरून मुठीनं घेत गेलात आणि शेवटची मूठ तळातली असेल, तर २८ चं कारण पडवी नसून पिशवीचा तळ असू शकतो. कांद्याच्या बीची उगवणशक्ती फार लवकर जाते, साध्या साठवणीत वर्षभरात ती निम्म्यावर येऊ शकते. यंदाच्या बियाण्याखाली मागच्या वर्षीचं उरलेलं गेलं असेल, मुद्दाम असो की चुकून, तर नेमकं असंच चित्र दिसेल. पडवी आणि तळ, दोन्ही एकाच ताटात आले असतील तर त्यांना आता वेगळं करता येत नाही. मन मानेल तसा आकडा काढून टाकणं जितकं चूक, तितकंच शंका असताना तो ठेवणंही चूक ठरतं. अशा वेळी चाचणी पुन्हा करायची असते. प्रयोगशाळेतही हाच नियम आहे. चार गटांतला फरक ठरलेल्या तक्त्यापेक्षा जास्त निघाला तर सरासरी न काढता पुन्हा बी लावतात.

हे मी इतकं ठासून का सांगते, तर मी स्वतः यात पोळले आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, द्राक्षांच्या हंगामात, एका पॅकहाउससाठी पुठ्ठ्याची खोकी तपासायला गेले होते. पुरवठादाराचा दावा होता की सदोष खोकी २ टक्क्यांहून जास्त नाहीत. थप्प्या छपरापर्यंत लावलेल्या, हाताला येतील ते वरचे-पुढचे गठ्ठे उघडून १५० खोकी काढली. एक सदोष निघालं. कागदावर सगळं ठीक होतं, मी सही केली. दहा दिवसांनी खालच्या थप्प्या उघडल्या, तर जमिनीची ओल लागून त्यांचे तळ मऊ पडलेले. भरलेलं खोकं उचललं की तळ सुटायचा, आणि मणी सिमेंटवर. ज्या बाईनं ते उचललं होतं ती माझ्याकडे बघत होती, तो चेहरा मला अजून आठवतो. माझ्या गणितात एक अक्षरही चुकलं नव्हतं. मी फक्त वरच्या थप्प्यांबद्दलचं उत्तर सगळ्या गोदामाचं म्हणून दिलं होतं.

आपल्याकडे पिकाचं उत्पादन किती आलं ते काढायला पीक कापणी प्रयोग होतात ते तुम्ही पाहिले असतील. कुणाच्या शेतात, शेताच्या कोणत्या कोपऱ्यात चौकोन आखायचा, हे अधिकाऱ्याच्या मनावर नसतं, यादृच्छिक आकड्यांनी ठरतं. ती पद्धत आपल्या देशात उभी करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे होते. १९४० च्या दशकात त्यांनी हे काम केलं. बांधावरून दिसणारं चांगलं पीक निवडायचा मोह माणसाला होतोच, म्हणून निवड माणसाच्या हातातून काढून घेतली. तुमच्या तीन किलोलाही तेच लागू आहे.

तर आता असं करा. उन्हाळ कांद्याचं उळे टाकायला अजून अवधी आहे, बारा दिवस सहज निघतात. पूर्ण पिशवी स्वच्छ चादरीवर ओता. हातानं चांगली मिसळा, गोल पसरा, अधिक चिन्हासारख्या दोन रेघा ओढून चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग पिशवीत परत टाका, उरलेले दोन पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. चमचाभर राहीपर्यंत हे करत जा. त्या चमच्यातल्या बिया ओळीनं मोजायच्या, निवडायच्या नाहीत. काळेभोर, फुगीर दाणे बोटाला आधी लागतात, त्यांच्याकडे बोट जाऊ देऊ नका. काडीकचरा आणि निम्म्याहून जास्त तुटलेले तुकडे तेवढे बाजूला काढा, कारण उगवण शुद्ध बियांचीच मोजतात.

बिया ४०० घ्या, चार ताटांत शंभर-शंभर. प्रयोगशाळाही ४०० च घेते, आणि त्यामागचा हिशेब कळला की आकडा लक्षात राहील. समजा खरी उगवण ७५ टक्के आहे, म्हणजे दावा खरंच फुगवलेला आहे. ५ टक्क्यांच्या पातळीवर ५० बियांची चाचणी ही गोष्ट चारातून एकदाच पकडते. २०० बियांची चाचणी निम्म्या वेळा, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. ४०० बियांची चाचणी पाचातून जवळपास चारदा पकडते. तुमच्या पहिल्या प्रयत्नात "दावा नाकारता येत नाही" असं निघालं असतं, तरी त्याचा अर्थ "दावा खरा" असा झाला नसता. एवढ्या लहान नमुन्याला फरक दिसलाच नाही, एवढाच झाला असता. पुतण्याला हे नक्की सांगा.

चारही ताटं एकाच खोलीत, एकाच फडताळावर. रोज सकाळी त्यांच्या जागा अदलाबदल करा, म्हणजे खिडकीचा फायदा-तोटा सगळ्यांना वाटून जाईल. फडकं ओलं हवं, पाणी साचलेलं नको. वर दुसरं ताट पालथं घाला. सहाव्या दिवशी मोजणी करून उगवलेली उचलून घ्या, उरलेल्यांची बाराव्या दिवशी. आणि उगवलं कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. नुसतं पांढरं टोक दिसलं म्हणजे रोप होत नाही. मूळ आणि वरचा हिरवा वाकडा दांडा, दोन्ही धड असतील तेच मोजायचं. मागच्या वेळी तुम्ही टोकं मोजली असतील तर १४८ सुद्धा जास्तच आहेत. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल मी काही बोलत नाही.

बिया भिजवायच्या दिवशीच वहीत निकालाची ओळ लिहून ठेवा, आणि लेकीची सही घ्या. ४०० पैकी दाव्याप्रमाणे ३२० यायला हव्यात, चढउतार ८ बियांचा. ३०६ किंवा त्याहून कमी आल्या तर ५ टक्क्यांच्या पातळीवर दावा टिकत नाही. वाफ्यात बी वाढवा. ३०० किंवा त्याहून कमी आल्या तर १ टक्क्याच्या पातळीवरही टिकत नाही. मग त्या माणसाकडे जा, वही घेऊन जा, आणि शक्य असेल तर तिसरी चाचणी त्याच्यासमोर त्याच्याच हातानं लावा. ३०७ किंवा त्याहून जास्त आल्या तर विषय संपला. पुन्हा लावायचं नाही. चांगल्या बियाण्याचीही पाच वेळा चाचणी केली आणि त्यातली सर्वांत वाईट धरली, तर ५ टक्क्यांचा धोका साडेबावीस टक्क्यांवर जातो. दुसरी चाचणी आपण करतोय ती पहिलीत पडवीची खोट सापडली म्हणून. निकाल आवडला नाही म्हणून नव्हे.

पैशाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. लेबल असलेलं, बिलाचं बियाणं असतं तर १९६६ च्या बियाणे कायद्याखाली कांद्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते, आणि तक्रार तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे करता येते. नमुना राज्याच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत जातो. त्यासाठी बिल, पिशवी आणि थोडं न वापरलेलं बी जपून ठेवावं लागतं. तुमचं घरगुती उळे शब्दावर घेतलेलं आहे, लेबल नाही, बिल नाही. आणि ७४ टक्के खरे असले तरी ते ७० च्या वरच आहेत. त्यामुळे तुमची बाजू कायद्यापेक्षा त्या माणसाच्या शब्दावर जास्त उभी आहे. पाव किलो उळे भरून देशील का, एवढं विचारण्यासारखी ती बाजू आहे, आणि तेवढं तो देईलही, जर तुम्ही खोटेपणाचा आरोप आधी केला नसेल तर. फोनवर किती बोललात ते मला माहीत नाही. जास्त झालं असेल तर चाचणी लावताना त्यालाच बोलवा.

बाराव्या दिवशीचे आकडे इथेच लिहा. चारही ताटांचे वेगळे लिहा, आणि चमच्यातल्या बिया कशा काढल्या तेही. बेरीज मी करीन.